जहाजांचे सेवापुस्तक
(एस. वाय. बी. ए.)

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांचा समुद्राशी काय संबंध, असा प्रश्न या लेखाचा विषय पाहून कोणाच्याही मनात येईल. आपल्याकडे पाणी म्हणजे घोडनदी, भीमा आणि उन्हाळ्यात टँकर. समुद्र पाहायचा तर मुंबई गाठावी लागते, नाही तर सहलीच्या निमित्ताने अलिबाग-मुरूडला जावे लागते. तरीसुद्धा युद्धनौकांचा इतिहास आपणही वाचावा असा आहे, असे मला या वर्षी ग्रंथालयात बसून वाचताना पटत गेले. ते का पटले, हे माझ्या वर्गबंधू-भगिनींना व गुरुजनांना सांगावे, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

सरकारी नोकरीतील प्रत्येक माणसाचे एक सेवापुस्तक असते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. त्यात जन्मतारीख, नेमणुकीचा दिवस, बदल्या, रजा, बढती आणि शेवटी निवृत्ती अशा नोंदी क्रमाने असतात. युद्धनौकेचेही असेच सेवापुस्तक असते. फरक इतकाच की, माणसाच्या सेवापुस्तकात एकाच माणसाचे आयुष्य असते. जहाजाच्या सेवापुस्तकात हजारो माणसांचे आयुष्य एका नावाखाली लिहिलेले असते.

या बाबतीत अमेरिकेच्या नौदलाने एक मोठे काम केले आहे. त्यांनी आपल्या सर्व जहाजांचा एक कोशच तयार केला. त्याचा पहिला खंड १९५९ साली निघाला आणि आठवा १९८१ साली. नाव कोणावरून ठेवले, जहाज कोणत्या गोदीत बांधले, पाण्यात केव्हा उतरले, पहिला कप्तान कोण, कोणकोणत्या समुद्रांत फिरले आणि शेवटी त्याचे काय झाले, हे सारे त्यात दिलेले आहे. विशेष म्हणजे हा मान केवळ मोठमोठ्या लढाऊ जहाजांनाच नाही. तेल वाहून नेणारी, धान्य पुरवणारी, मोडलेल्या जहाजांना ओढून आणणारी साधी जहाजेसुद्धा त्यात आहेत. हा कोश पुढेही वाढत राहिला असून आता संगणकावर कोणालाही वाचता येतो.

जहाजाचा जन्म

एखाद्या जहाजाचे सेवापुस्तक वाचायचे तर आधी तीन तारखा समजून घ्याव्या लागतात. पहिली तारीख गोदीत जहाजाच्या तळाचा मुख्य कणा ठेवला जातो त्या दिवसाची. दुसरी जलावतरणाची. सांगाडा पाण्यावर तरंगण्याजोगा झाला की समारंभपूर्वक त्याला पाण्यात सोडतात. आपल्याकडे नारळ फोडतात, पाश्चात्त्य देशांत शॅम्पेनची बाटली फोडतात. परंतु या दिवशी जहाज पुरे झालेले नसते. यंत्रे, तोफा, तारायंत्रे बसवण्याचे काम त्यानंतर चालते. ते संपून चाचण्या पार पडल्या की ध्वज चढवून जहाज नौदलात दाखल करून घेतात. ही तिसरी तारीख. जहाजाची नोकरी खऱ्या अर्थाने त्या दिवशी सुरू होते.

आपल्या ‘विक्रांत’चे उदाहरण घ्या. तिचा कणा १९४३ साली इंग्लंडमध्ये ठेवला गेला, तेव्हा तिचे नाव ‘हर्क्युलिस’ होते. १९४५ च्या सप्टेंबरात ती पाण्यात उतरली; पण तोवर महायुद्ध संपले होते. इंग्रजांना तिची गरज उरली नाही व काम अर्धवट थांबले. १९५७ साली भारताने ती विकत घेतली, बेलफास्टच्या गोदीत तिचे उरलेले काम पुरे झाले आणि ४ मार्च १९६१ रोजी विजयालक्ष्मी पंडित यांच्या उपस्थितीत ती भारतीय नौदलात दाखल झाली. म्हणजे कणा ठेवल्यापासून नोकरी लागेपर्यंत १७ वर्षांहून अधिक काळ! त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ती मुंबईला पोहोचली आणि पंतप्रधान पंडित नेहरूंनी तिचे स्वागत केले. त्यानंतर मुंबई हेच तिचे घर झाले.

तळ म्हणजे काय

जहाज कितीही मोठे असले तरी त्याला परत येण्यासाठी एक जागा लागते. तेल, पिण्याचे पाणी, धान्य, दारूगोळा आणि सुटे भाग जिथे मिळतात, ज्या सुक्या गोदीत जहाज उभे करून त्याचा तळ खरवडता येतो, जिथे आजारी खलाशासाठी इस्पितळ असते, अशा जागेला नौदलाचा तळ म्हणतात.

ही गोष्ट आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. दौंड जंक्शनचेच पाहा. वाफेच्या इंजिनांच्या काळात लांब पल्ल्याच्या गाड्यांची इंजिने येथे पाणी आणि कोळसा घेत. दौंड नसते तर मनमाडकडे किंवा सोलापूरकडे जाणारी गाडी पुढे गेली नसती. प्रवाशांच्या आठवणीत पुणे राहते, सोलापूर राहते. रात्री इंजिनात पाणी भरणारा दौंडचा कामगार कोणाच्या लक्षात राहत नाही. शिरूरची कथाही अशीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांची मोठी छावणी येथे होती. १८१७ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी याच छावणीतून निघाली आणि दुसऱ्या दिवशी भीमेकाठी कोरेगावची लढाई झाली. लढाई कोरेगावला झाली, पण ती तुकडी ठेवली होती शिरूरला. जमिनीवर जे काम शिरूरसारख्या छावणीने केले, तेच काम समुद्रावर नौदलाचे तळ करतात.

महाराष्ट्राला तर ही परंपरा जुनी आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ साली मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग बांधायला घेतला, तो काही केवळ भिंती उभारण्यासाठी नव्हे; आरमाराला आसरा हवा होता म्हणून. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीत गिर्ये येथे मराठ्यांच्या आरमारी गोदीचे अवशेष आजही दिसतात. पुढे इंग्रजांनी सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया यांना मुंबईस आणले आणि १७३५-३६ पासून मुंबईची गोदी वाढत गेली. वाडियांच्या घराण्याने बांधलेली सागवानी जहाजे इतकी टिकाऊ असत की, १८१७ साली मुंबईत बांधलेले ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर उभे आहे. १८१३ साली बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ची गोष्ट तर मजेदार आहे. १८१५ च्या एप्रिलमध्ये तिने ‘हॉर्नेट’ नावाच्या अमेरिकन युद्धनौकेचा पाठलाग केला आणि सुटका करून घेण्यासाठी ‘हॉर्नेट’ला आपल्या तोफासुद्धा समुद्रात फेकून द्याव्या लागल्या. मुंबईच्या सुतारांचे काम आणि अमेरिकेचे नौदल यांची गाठ दोनशे वर्षांपूर्वीच पडली होती, असे म्हणायला हरकत नाही.

आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. आपल्या पुणे जिल्ह्यात समुद्र नाही, पण एक ‘जहाज’ आहे! लोणावळ्याजवळच्या डोंगरात ‘आय. एन. एस. शिवाजी’ ही नौदलाची संस्था आहे. ती १९४५ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. नौदलाच्या रिवाजाप्रमाणे किनाऱ्यावरील संस्थेलाही जहाजासारखे नाव देतात. जहाजांची इंजिने चालवणारे आणि दुरुस्त करणारे अभियंते व नाविक येथे तयार होतात. तेव्हा समुद्रावरच्या जहाजाचे यंत्र लोणावळ्याच्या पावसात शिकलेल्या हातांनी चालते.

पहिले जहाज : डायब्लो उर्फ गाझी

आता ज्या तीन अमेरिकन जहाजांचे सेवापुस्तक आपल्या देशाच्या इतिहासात गुंतले आहे, त्यांची हकीकत थोडक्यात सांगते.

पहिली एक पाणबुडी. ‘डायब्लो’ हे तिचे नाव. ३१ मार्च १९४५ रोजी ती अमेरिकन नौदलात दाखल झाली. महायुद्ध संपत आले होते, त्यामुळे तिला लढाई फारशी पाहावी लागली नाही. १९६४ साली अमेरिकेने ती पाकिस्तानला भाडेकराराने दिली आणि तिचे नाव ‘गाझी’ झाले. पाकिस्तानची ती पहिली पाणबुडी. १९६५ च्या युद्धात ती मुंबईच्या बाहेर टेहळणी करीत होती. ‘विक्रांत’ त्या वेळी दुरुस्तीसाठी गोदीत होती, त्यामुळे दोघींची गाठ पडली नाही.

यानंतर गाझीच्या सेवापुस्तकात एक नोंद येते, ती मला फार बोलकी वाटते. मोठ्या दुरुस्तीसाठी गाझीला तुर्कस्तानला न्यावे लागले. सुएझ कालवा तेव्हा बंद होता, म्हणून तिला सबंध आफ्रिका खंडाला वळसा घालून जावे लागले. स्वतःचा सुसज्ज तळ नसला म्हणजे काय होते, याचे याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. शेतात मोटार बिघडली आणि ती दुरुस्त करणारा जवळपास नसला तर आपले कसे हाल होतात, तसेच हे.

१९७१ च्या नोव्हेंबरात गाझी कराचीहून निघाली आणि श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात आली. तिचे सावज पुन्हा ‘विक्रांत’च होती. इकडे ‘विक्रांत’ची प्रकृतीही बरी नव्हती. तिच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडा गेला होता. वाफेचा दाब पूर्ण ठेवता येत नव्हता, वेग घटला होता. एवढ्या अधू जहाजाला युद्धात न्यावे की नाही, हा मोठा प्रश्न होता. अखेर ती मुंबईहून पूर्व किनाऱ्याकडे गेली आणि अंदमानात आडोशाला लपून राहिली. तिच्या जागी ‘राजपूत’ ही जुनी विनाशिका विशाखापट्टणमच्या आसपास राहून, आपणच ‘विक्रांत’ आहोत असे भासवणारे बिनतारी संदेश पाठवीत होती. गाझी त्या फसवणुकीमागे विशाखापट्टणमला आली आणि ३ व ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री तेथेच बुडाली. ‘राजपूत’ने पाण्यात टाकलेल्या स्फोटकांमुळे ती बुडाली असे भारताचे म्हणणे, तिच्या आतच स्फोट झाला किंवा स्वतःच पेरलेल्या सुरुंगाने तिचा घात केला असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे. काहीही असो, नव्वदांहून अधिक माणसे तिच्याबरोबर गेली. ती शत्रूची माणसे होती हे खरे. तरीही त्यांच्या गावीही कोणी वाट पाहणारे असणारच.

४ डिसेंबरला ‘विक्रांत’वरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाव येथे हल्ले केले. तडा गेलेल्या बॉयलरवर तिने ते युद्ध पार पाडले. कप्तान स्वराज प्रकाश यांचे नाव इतिहासात आहे आणि ते असलेच पाहिजे. परंतु जहाजाच्या पोटात, असह्य उष्णतेत, तो दुखरा बॉयलर सांभाळत बसलेल्या नाविकांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत.

दुसरे जहाज : एंटरप्राइज

‘एंटरप्राइज’ ही अणुशक्तीवर चालणारी जगातील पहिली विमानवाहू युद्धनौका. तिची नोकरी २५ नोव्हेंबर १९६१ रोजी सुरू झाली. म्हणजे ‘विक्रांत’ मुंबईत आली त्यानंतर अवघ्या २२ दिवसांनी. वयाने दोघी जणू जुळ्या. परंतु आकाराने किती फरक! ‘विक्रांत’ची लांबी सुमारे २१३ मीटर, ‘एंटरप्राइज’ची सुमारे ३४२ मीटर. ‘विक्रांत’वर हजार-अकराशे माणसे असत, ‘एंटरप्राइज’वर त्याच्या चौपटीहून जास्त. तिच्या आठ अणुभट्ट्यांमुळे ती इंधन न भरता वर्षानुवर्षे फिरू शकत असे.

१९७१ च्या डिसेंबरात ढाक्याचा पाडाव जवळ आला तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी आपल्या सातव्या आरमारातील एक ताफा बंगालच्या उपसागराकडे पाठवला. त्याचे प्रमुख जहाज ‘एंटरप्राइज’ होते. तो ताफा १५ डिसेंबरच्या सुमारास उपसागरात शिरला. १६ डिसेंबरला पाकिस्तानी सैन्याने ढाक्यात शरणागती पत्करली. एकही गोळी न झाडता तो ताफा पुढे परत गेला. पण भारताच्या मनात त्याची आठवण कायमची राहिली. वयाने मोठ्या माणसांना आजही ‘सातवे आरमार’ म्हटले की तो डिसेंबर आठवतो.

आता प्रश्न असा की, अणुशक्तीवर चालणाऱ्या जहाजाला तळाची गरज काय? तर असते. विमानांना पेट्रोल लागते, बॉम्ब लागतात आणि पाच हजार माणसांना रोज जेवण लागते. सातव्या आरमाराची ही सोय फिलिपाईन्समधील सुबिक बे येथे होती. व्हिएतनामच्या युद्धात तो तळ अहोरात्र चालू असे. पुढे फिलिपाईन्सच्या संसदेने भाडेकरार वाढवण्यास नकार दिला आणि १९९२ च्या नोव्हेंबरात अमेरिकन नौदलाला तो सोडावा लागला.

दुसरा तळ आपल्या अधिक जवळ आहे. हिंदी महासागरातील दिएगो गार्सिया या ब्रिटिशांच्या ताब्यातील बेटावर अमेरिकेने १९७१ पासून बांधकाम सुरू केले. त्यासाठी १९६८ ते १९७३ या काळात त्या द्वीपसमूहातील सर्व मूळ रहिवाशांना उठवून मॉरिशस व सेशेल्सला पाठवण्यात आले. नारळाच्या बागांत पिढ्यान्‌पिढ्या राबलेली ती साधी माणसे होती. दौंड-इंदापूरकडच्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. उजनीच्या धरणात कोणाचे गाव गेले, कोणाचे देऊळ पाण्याखाली गेले, हे आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. धरणाने निदान उसाला पाणी दिले. त्या बेटवाल्यांच्या हाती काय आले? जहाजांचे सेवापुस्तक वाचताना तळाच्या नावाखाली कोण उठवले गेले, हेही वाचले पाहिजे.

तिसरे जहाज : ट्रेंटन उर्फ जलाश्व

तिसऱ्या जहाजाची कथा मात्र वेगळी आहे. ‘ट्रेंटन’ हे जहाज ६ मार्च १९७१ रोजी अमेरिकन नौदलात दाखल झाले. सैनिक, वाहने आणि होड्या पोटात घेऊन किनाऱ्यावर उतरवणे हे त्याचे काम. त्याचा पाठीमागचा भाग पाण्याखाली नेऊन पोटात पाणी घेता येते आणि आतल्या होड्या तरंगत बाहेर पडतात.

१९९१ च्या जानेवारीत सोमालियाची राजधानी मोगादिशू येथे यादवी माजली. तेव्हा ‘ग्वाम’ आणि ‘ट्रेंटन’ या दोन जहाजांवरील हेलिकॉप्टरांनी अमेरिकन वकिलातीत अडकलेल्या २८१ माणसांना सोडवून आणले. त्यात सुमारे तीस देशांची माणसे होती. २००६ साली लेबनॉनमध्ये लढाई पेटली तेव्हाही याच जहाजाने अडकलेल्या नागरिकांना बाहेर काढले.

१७ जानेवारी २००७ रोजी हे जहाज भारताला मिळाले आणि त्याचे नाव ‘जलाश्व’ झाले. त्याचे घर विशाखापट्टणम. आता योग पाहा. २०२० साली करोनाच्या टाळेबंदीत मालदीवमध्ये अडकून पडलेल्या भारतीयांना आणण्यासाठी हेच जहाज मालेला गेले आणि १० मे रोजी ६९८ जणांना घेऊन कोचीला पोहोचले. ध्वज बदलला, नाव बदलले, खलाशी बदलले. पण जहाजाच्या वाट्याला काम तेच आले. ज्या वर्षी ‘एंटरप्राइज’ आपल्याला धाक दाखवायला आली, त्याच वर्षी नोकरीला लागलेले हे जहाज शेवटी आपल्या माणसांना घरी आणण्याच्या कामी आले. राष्ट्राराष्ट्रांतील मैत्री व वैर कायमचे नसते, हे राज्यशास्त्राच्या तासाला ऐकलेले वाक्य मला या जहाजाच्या सेवापुस्तकात प्रत्यक्ष दिसले.

मुंबईच्या गोदीत अमेरिकन जहाजे

आजची परिस्थिती तर आणखी बदलली आहे. २९ ऑगस्ट २०१६ रोजी त्या वेळचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या वॉशिंग्टन भेटीत भारत व अमेरिका यांच्यात एक करार झाला. त्यानुसार दोन्ही देशांच्या जहाजांना व विमानांना एकमेकांच्या ठिकाणी तेल, अन्नधान्य, सुटे भाग व दुरुस्तीची सोय मिळू शकते. झालेला खर्च मागाहून चुकता करायचा. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ‘चार्ल्स ड्रू’ हे अमेरिकन नौदलाचे मालवाहू जहाज चेन्नईजवळच्या कट्टुपल्ली येथे दुरुस्तीसाठी आले. अमेरिकन नौदलाचे जहाज भारतात दुरुस्तीला येण्याची ती पहिलीच वेळ. २०२३ साली मुंबईच्या माझगाव डॉकनेही अशा दुरुस्तीसाठी अमेरिकन नौदलाशी करार केला.

यावर दोन मते आहेत. एक मत असे की, यातून आपल्या कामगारांना काम मिळते, नवे तंत्र शिकायला मिळते आणि दूरच्या समुद्रात आपल्या जहाजांचीही सोय होते. दुसरे मत असे की, आज तेल द्यायचे, उद्या जागा द्यावी लागेल आणि परवा दुसऱ्याच्या युद्धात ओढले जाऊ. करारात अमेरिकेला तळ देण्याची तरतूद नाही, असे सरकारने तेव्हाच स्पष्ट केले होते. मला स्वतःला असे वाटते की, पाहुण्याला पाणी देणे आणि घराची किल्ली देणे यात फरक आहे, आणि तो फरक सांभाळता येण्याइतके आपण जागे असलो तर भिण्याचे कारण नाही. परंतु जागे राहायचे तर १९७१ चा डिसेंबर आणि दिएगो गार्सियाची माणसे दोन्ही लक्षात ठेवली पाहिजेत.

जहाजाचा शेवट

जहाजाच्या सेवापुस्तकाचे शेवटचे पान बहुधा दुःखाचे असते. ‘विक्रांत’ ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. २००१ पासून मुंबईत तिच्यावर संग्रहालय चालू होते. शाळांच्या सहली तिच्यावर जात. जहाज धोकादायक झाल्यामुळे २०१२ साली ते बंद झाले. तिला वाचवावे म्हणून प्रयत्न झाले, प्रकरण न्यायालयात गेले, पण खर्चाचा मेळ बसेना. अखेर सुमारे ६० कोटी रुपयांना तिचा लिलाव झाला आणि २०१४ च्या अखेरीस दारूखान्यात तिचे तुकडे होऊ लागले. तिच्या पोलादाचा काही भाग पुण्याच्या बजाज कंपनीने घेतला आणि २०१६ साली ‘व्ही’ नावाची मोटारसायकल बाजारात आणली. आपल्याकडच्या रस्त्यांवरून ती गाडी अजूनही धावताना दिसते. चालवणाऱ्यापैकी किती जणांना तिच्या टाकीत कोणते लोखंड आहे हे ठाऊक असेल, कोण जाणे.

अमेरिकनांचीही सर्व जहाजे वाचली असे नाही. ‘एंटरप्राइज’ २०१७ साली अधिकृतपणे निवृत्त झाली. अणुभट्ट्या असल्याने तिचे संग्रहालय करता येईना. तिच्या पोलादाचा काही भाग त्याच नावाच्या नव्या जहाजात घालण्यात येत आहे. आपणही २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे नवी ‘विक्रांत’ दाखल केली, ती भारतातच बांधलेली. त्याच दिवशी नौदलाच्या नव्या ध्वजावर शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. जहाज जाते, नाव राहते. परंतु नावाबरोबर नोंदही राहिली पाहिजे.

आपण काय करावे

आमच्या आळीत नौदलातून निवृत्त झालेले एक आजोबा राहतात. ते लोणावळ्याला शिकले आणि पुढे जहाजांच्या बॉयलर खोलीत काम करीत राहिले. मी या लेखाची तयारी करीत असल्याचे कळल्यावर त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून आपले सेवेचे कागद काढून दाखवले. त्यात एकाखाली एक जहाजांची नावे आणि तारखा होत्या. कागद घडीवर फाटले आहेत. त्यांच्या मुलांनी ते कधी वाचलेले नाहीत, आणि आजोबांनीही कधी सांगितले नाही, कारण कोणी विचारलेच नाही. मी विचारायला लागले, तेव्हा दुपारी सुरू झालेले बोलणे दिवेलागणीपर्यंत चालले.

त्या रात्री मला माझ्या वडिलांचा विचार आला. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मीच पहिली. वडिलांनी बाजार समितीत हमालीत आयुष्य घालवले. किती पोती उचलली, कोणत्या वर्षी पाठ दुखावली, कोणत्या दुष्काळात काम बंद पडले, याचा कोठेही कागद नाही. अमेरिकेत जहाज ओढणाऱ्या साध्या बोटीचेसुद्धा सेवापुस्तक लिहिले जाते आणि ज्यांच्या पाठीवर आपण शिकलो, त्यांच्या सेवेची एक ओळही कोठे नाही. ही तक्रार मी कोणाविरुद्ध करीत नाही. लिहिता येणारा माणूस घरात नव्हता, म्हणून लिहिले गेले नाही. आता तो आहे.

तेव्हा मित्र-मैत्रिणींनो, माझी एक साधी सूचना आहे. आपल्या दोन्ही तालुक्यांत सैन्यातून, नौदलातून, राज्य राखीव पोलीस दलातून आणि रेल्वेतून निवृत्त झालेली पुष्कळ माणसे आहेत. दौंडला वाफेच्या इंजिनावर काम केलेले वृद्ध कामगार अजून भेटतील. आणखी दहा वर्षांनी भेटणार नाहीत. इतिहास विभागाच्या मार्गदर्शनाखाली आपण प्रत्येकाने सुट्टीत एका माणसाचे सेवापुस्तक लिहून काढावे. नाव, गाव, नेमणूक, बदल्या, केलेले काम, झालेली दुखापत, निवृत्ती. त्यासाठी मोठ्या भाषेची गरज नाही. जहाजांच्या कोशात तरी कोठे मोठी भाषा असते? तारीख, ठिकाण आणि काम, एवढेच असते.

ज्यांना नौदलात जायचे आहे त्यांनीही जरूर जावे. २०२३ च्या मार्चमध्ये ओडिशातील ‘आय. एन. एस. चिल्का’ येथून अग्निवीरांची पहिली तुकडी बाहेर पडली, तिच्यात अडीचशेहून अधिक मुली होत्या. घोडनदीच्या काठावरच्या मुलीला समुद्र दूर आहे असे आता कोणी म्हणू नये. आणि गेलात तर एक वही बरोबर ठेवा. जहाजाच्या सेवापुस्तकात कप्तानाचे नाव सरकार लिहील. बॉयलर खोलीतील माणसांची नावे मात्र आपल्यालाच लिहावी लागतील.